कोळी आणि त्याचे साक्षीदार

आपल्या भाषेत दोन धंदेवाल्यांना एकच नाव आहे. समुद्रावर जाळे टाकतो तोही कोळी आणि माळ्याच्या कोपऱ्यात जाळे विणतो तोही कोळी. पहिल्याशी आपला बाजारात संबंध येतो. दुसऱ्याशी येतो तो केरसुणीच्या टोकाने. दिवाळी जवळ आली की बांबूला कुंचा बांधावयाचा आणि कोळिष्टके काढावयाची, एवढाच आपला नि त्याचा वर्षाचा व्यवहार. असल्या प्राण्यासाठी वसंतातील एक अख्खी संध्याकाळ खर्च करावयाची, आणि तीही कामगार संघटनेच्या कामात केस पांढरे केलेल्या माणसाने, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. प्राणिशास्त्राची पदवी आम्हांजवळ नाही. शाळेची पायरी आम्ही लवकरच उतरलो, आणि पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा कोळ्याच्या शरीराची चिरफाड येथे होणार नाही.

आमचा विषय निराळा आहे. रानात कोणीतरी एक कोळी पाहतो. पाहिलेले तो जगाला सांगतो, चितारतो किंवा अलीकडच्या काळात त्याचे छायाचित्र घेतो. जग ते मानते किंवा मानीत नाही. कोणाचे मानले, कोणाचे मानले नाही आणि का, याचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तो कोळ्याचा इतिहास आहे तितकाच साक्षीदारांचाही आहे, आणि साक्षीदार हा आमच्या धंद्यातला विषय असल्यामुळे त्यावर बोलण्याचा थोडासा अधिकार आम्ही सांगतो.

या इतिहासाचा आरंभ एका बाईपासून करावा लागतो. मारिया सिबिला मेरियन ही १६४७ साली फ्रँकफुर्टला जन्मली. चित्रे काढणे हा तिच्या घरचा धंदा. पण तिला नाद लागला तो अळ्यांचा. अळीचा कोश कसा होतो, कोशातून पाखरू कसे निघते, कोणती अळी कोणत्या झाडावर जगते, हे ती लहानपणापासून स्वतः अळ्या पाळून पाहत असे. पुढे ती ॲमस्टरडॅमला राहावयास गेली. तेथे श्रीमंतांच्या संग्रहांत दूरदेशीचे कीटक टाचण्यांवर टोचून ठेवलेले तिने पाहिले. पण ते मेलेले; ते कोठून आले, काय खात होते, कशाचे काय झाले हे त्या टाचणीवरून कळेना. म्हणून वयाच्या बावन्नाव्या वर्षी, १६९९ साली, आपली चित्रे विकून तिने पैसा उभा केला आणि धाकट्या मुलीला बरोबर घेऊन ती दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत गेली. त्या काळी बायकांनी, तेही कोणा पुरुषाच्या सोबतीवाचून, अळ्या पाहण्यासाठी महासागर ओलांडावा ही गोष्ट किती जगावेगळी होती हे वेगळे सांगावयास नको. तेथील मळेवाले तिला हसत. साखरेवाचून दुसरे काही या देशात शोधण्यासारखे असेल, असे त्यांना वाटतच नव्हते.

दोन वर्षे तिने तेथे काढली. आजाराने ग्रासल्यामुळे १७०१ साली तिला परतावे लागले. १७०५ साली तिचा मोठा ग्रंथ ॲमस्टरडॅमला निघाला; त्यात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली साठ चित्रे होती. त्यांतील अठरावे चित्र आपल्या विषयाचे. पेरूची एक फांदी आहे. तिच्यावर मुंग्यांची धावपळ चालली आहे, लहानमोठे कोळी आहेत. आणि खाली एक भला मोठा, केसाळ कोळी एका चिमुकल्या हमिंगबर्ड पक्ष्याला उताणे पाडून त्याच्यावर बसला आहे. बाजूला त्या पक्ष्याचे घरटे. हे कोळी मुंग्या खातात आणि मुंग्या मिळाल्या नाहीत तर घरट्यातून पक्षी ओढतात, असे मेरियनने लिहिले.

प्रथम हे चित्र लोकांनी मानले. लिनियसने १७५८ साली प्राण्यांची शास्त्रीय नावे ठरविली तेव्हा या कोळ्याच्या नावात त्याने पक्ष्याचाच लॅटिन शब्द घातला. पण पुढे वारे फिरले. एकोणिसाव्या शतकात शास्त्र हा प्रतिष्ठित गृहस्थांचा प्रांत झाला होता, आणि या प्रांतात एक चित्रकार बाई काय सांगते याला किंमत राहिली नाही. वेस्ट इंडीजमधील सेंट व्हिन्सेंट बेटावर लॅन्सडाउन गिल्डिंग नावाचा एक पाद्री राहत असे. तो १८३१ साली वारला. मेरियनच्या ग्रंथावर त्याने लिहिलेली जहरी टीका १८३४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली. गिल्डिंगने सुरिनाम पाहिलेले नव्हते. मेरियनच्या मृत्यूनंतर निघालेल्या आवृत्त्यांत दुसऱ्यांनी भर घातली होती, तिच्यातील दोषही तिच्याच माथी आले. त्याच सुमारास विल्यम शार्प मॅक्ली या गृहस्थानेही पक्षी खाणारा कोळी असूच शकत नाही, असे प्रतिपादन केले. तो क्यूबात राहत होता आणि त्याने प्रयोगही केला होता. एका मोठ्या कोळ्याच्या बिळात त्याने हमिंगबर्ड घालून पाहिला. कोळ्याने पक्षी खाल्ला नाहीच, उलट बीळ सोडून तो निघून गेला. झाले, प्रश्न मिटला!

येथे क्षणभर थांबू. मॅक्लीने खोटे सांगितले असे आमचे म्हणणे नाही. त्याने पाहिले ते खरेच होते. पण जमिनीत बीळ करून राहणाऱ्या एका कोळ्याने, माणसाने बिळात कोंबलेला पक्षी नाकारला, यावरून झाडावर राहणारा दुसरा कोळी रात्री आपल्या इच्छेने काय करतो हे ठरत नाही. एका खात्यातील एका पाळीची हजेरी पाहून साऱ्या गिरणीचा निकाल द्यावा, तसे ते झाले. पुढे हा गृहस्थ ऑस्ट्रेलियात सिडनीला जाऊन राहिला, आणि पक्षी पकडणारा कोळी तेथे खरोखर आढळला असे त्याने स्वतःच पत्राने कळविले. आपले मत चुकले असे छापून सांगणारी माणसे थोडी. त्याबद्दल त्याला श्रेय दिले पाहिजे.

मेरियनच्याही चुका होत्या, हे लपविण्याचे कारण नाही. पाने कातरणाऱ्या मुंग्या आणि झुंडीने शिकार करणाऱ्या मुंग्या या दोन निराळ्या जाती. तिने त्यांचे गुण एकाच ठिकाणी गोवले. पण तिच्यावरचा खरा रोष दुसऱ्या एका गोष्टीमुळे होता. सुरिनाममधील मूळचे रहिवासी आणि आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम यांनी सांगितलेली माहिती तिने ग्रंथात घेतली, आणि ती त्यांच्याकडून घेतली असे मोकळेपणाने लिहिले. आपल्या अंगणात जो शंकासुर फुलतो, त्याचेही चित्र या ग्रंथात आहे. आपल्या पोटी आणखी गुलाम जन्मू नयेत म्हणून मळ्यांवरच्या गुलाम स्त्रिया या झाडाच्या बिया खाऊन गर्भ पाडतात, आणि हे त्यांनी स्वतः आपल्याला सांगितले, असे तिने नोंदवून ठेवले आहे. तिच्या स्वतःच्या घरीही गुलाम राबत होते, हेही विसरता येत नाही. तरी पण राबणाऱ्याला डोळे असतात आणि तो पाहतो ते लिहिण्याजोगे असते, एवढे तिने मानले. पुढच्या काळातील टीकाकारांना हाच तिचा दोष वाटला.

चौकशीच्या टेबलापुढे उभा राहणारा कामगार आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. एका चौकशीची आठवण अद्याप बुजत नाही. यंत्राच्या पट्ट्यावरचा लोखंडी कठडा अपघाताच्या आधी आठवडाभर काढून ठेवलेला होता, असे पाळीवरच्या तिघांनी सांगितले. कठडा जागेवर होता, असे एका अधिकाऱ्याने लिहून दिले. तो अधिकारी त्या रात्री तेथे नव्हता. मानला गेला तो कागद. तिघांपैकी एकजण बाहेर आल्यावर आम्हांस म्हणाला, “दादा, आम्ही काय आंधळे होतो काय?” त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुष्कळ वर्षांनी मेरियनच्या कोळ्याची हकीकत वाचताना तो प्रश्न पुन्हा आठवला, आणि आजच्या विषयाचा धागा तेथेच हाती लागला.

मेरियनच्या बाजूने ज्याची साक्ष उपयोगी पडली तो मनुष्य कोण होता हे ऐकण्यासारखे आहे. हेन्री वॉल्टर बेट्स हा १८२५ साली इंग्लंडातील लेस्टर या गावी जन्मला. लेस्टर म्हणजे मोजे-गंजिफ्रॉक विणणाऱ्यांचे गाव. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याची शाळा सुटली आणि तो एका होजियरीच्या व्यापाऱ्याकडे उमेदवार म्हणून लागला. सकाळी सातला वखार झाडण्यापासून रात्री आठपर्यंत, म्हणजे तेरा तास काम. त्यानंतर तो मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये जाई. ही संस्था म्हणजे कारागिरांसाठी चालविलेले वाचनालय आणि संध्याकाळचे वर्ग. श्रोतेहो, आज आपण जेथे बसलो आहोत तशीच ती जागा समजा. तेथे तो शिकला, आणि उरल्या वेळात गावाबाहेरच्या रानात भुंगेरे शोधीत हिंडला. लेस्टरमध्येच त्याची गाठ आल्फ्रेड रसेल वॉलेस या तरुण शिक्षकाशी पडली. वॉलेसचीही शाळा चौदाव्या वर्षी सुटलेली. या दोघांनी १८४८ साली ॲमेझॉन नदीचा रस्ता धरला. सरकारी मदत नाही, विद्यापीठाचा पाठिंबा नाही. कीटक आणि पक्षी जमवून लंडनला पाठवावयाचे आणि त्यांच्या विक्रीवर गुजराण करावयाची, असा बेत.

वॉलेस चार वर्षांनी परतला. बेट्स अकरा वर्षे राहिला. ताप, दारिद्र्य आणि एकटेपणा सोसून त्याने १४,७१२ जातींचे प्राणी जमविले. त्यांपैकी सुमारे ८,००० शास्त्राला अगदी नवीन होते. १८६३ साली त्याने आपला प्रवासग्रंथ छापला. त्यात तोकांतिन्स नदीच्या काठच्या कामेता या गावाजवळची एक हकीकत आहे. झाडाच्या बुंध्यावर त्याला काहीतरी हलताना दिसले. जवळ जाऊन पाहतो तो एक केसाळ कोळी. धड सुमारे दोन इंच आणि पाय पसरले तर सात इंच. झाडाला एक खोल चीर होती आणि तिच्यावर दाट पांढरे जाळे ताणलेले होते. जाळ्याचा खालचा भाग फाटला होता आणि त्यात दोन लहान पाखरे अडकली होती. एक मेलेले होते. दुसरे कोळ्याच्या अंगाखाली, अर्धवट जिवंत, त्याच्या लाळेने माखलेले. बेट्सने कोळ्याला हाकलून पाखरे घेतली. पण दुसरेही थोड्या वेळात मेले.

मेरियनने हीच गोष्ट सांगितली होती आणि ती खोटी ठरविली गेली, हे बेट्सने त्या ठिकाणी नमूद केले आहे. १७०५ पासून १८६३ पर्यंत एकशे अठ्ठावन्न वर्षे झाली होती. बेट्सची साक्ष मात्र वजनदार ठरली. का? तो काही उमराव नव्हता. आमच्या मते याची दोन कारणे. एक म्हणजे त्याच्या मागे हजारो नमुन्यांचा, काळजीपूर्वक केलेल्या कामाचा ढीग उभा होता. दुसरे, त्याने आपल्या साक्षीची मर्यादा स्वतःच सांगितली. पाखरे जाळ्यात कशी सापडली ते त्याने पाहिले नव्हते. तसा दावाही त्याने केला नाही. आसपासच्या रहिवाशांनाही ही गोष्ट नवीन वाटली, हेही त्याने लिहून ठेवले. खरे पाहता ही त्याच्या म्हणण्याला बाधक ठरेल अशी गोष्ट. आपल्या विरुद्ध जाणारा पुरावाही जो साक्षीदार आपण होऊन मांडतो, त्याच्यावर विश्वास बसतो. त्याच भागात काही आदिवासी मुले एका अशाच कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखे हिंडवीत असल्याचे त्याने पाहिले. गिल्डिंगला ज्याचे अस्तित्व पटत नव्हते, त्याच्याशी ती पोरे खेळत होती!

आता याच्या उलट उदाहरण घेऊ. येथे न पाहिलेली गोष्ट मानली गेली. इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात ऑक्टेव्हियस पिकार्ड-केम्ब्रिज हा पाद्री कोळ्यांचा मोठा जाणकार होता, आणि जाणकार होता हे अगदी खरे. जगभरातून त्याच्याकडे कोळ्यांचे नमुने येत. १८७४ साली सिडनीकडून आलेल्या एका चिमुकल्या कोळ्याचे त्याने वर्णन केले. हा उड्या मारणाऱ्या कोळ्यांपैकी. लांबी चार-पाच मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही कमी. नराच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना घडी घातलेल्या पदरासारखे पापुद्रे, आणि त्यावर लाल-निळे रंग. हा कोळी उडी मारताना हे पापुद्रे पंखासारखे पसरतो आणि हवेतून तरंगत जातो, असे सिडनीच्या एका गृहस्थाने पाहिल्याचे पिकार्ड-केम्ब्रिजला कळविण्यात आले. त्यावरून त्याने नाव ठेवले ‘व्होलान्स’, म्हणजे उडणारा.

वस्तुतः हा कोळी उडत नाही. पण सांगणारा गृहस्थ प्रतिष्ठित, ऐकणारा विद्वान आणि कोळी मद्यार्काच्या बाटलीत मेलेला. त्याची उलटतपासणी कोण घेणार? ते पापुद्रे कशासाठी आहेत याचा धागा फार दूर नव्हता. अमेरिकेत मिलवॉकी येथे जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकम या शिक्षक दांपत्याने उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे प्रियाराधन तासन् तास पाहून १८८९ साली प्रसिद्ध केले होते. नर मादीपुढे नाचतो, पाय उंचावतो, आपल्या अंगावरचे रंग नेमके तिला दिसतील असा वळतो, हे त्यांनी दाखविले होते. तरी सिडनीच्या कोळ्याची उड्डाणाची कथा पुस्तकांतून पुढे चालत राहिली. मधूनमधून कोणी शंका घेतली, पण जगाची खात्री पटेल असा पुरावा पुढे आला नव्हता.

तो आणला छायाचित्राने. युर्गेन ऑटो हा सिडनीत राहणारा जीवशास्त्रज्ञ. पोटासाठी त्याचे काम सूक्ष्म कीडींचे, कोळी हा सुटीतला छंद. २००५ साली सिडनीजवळच्या कु-रिंग-गाय रानात फिरताना त्याच्या पायाखाली येता येता एक रंगीत कोळी वाचला. ऑटोने त्याचा पिच्छा पुरविला. नर आणि मादी एकत्र सापडून नाच पाहावयास मिळण्यास आणखी सुमारे तीन वर्षे गेली. मग दिसले ते असे : नर मादीपासून थोड्या अंतरावर येतो, तिसऱ्या जोडीचे दोन पाय वर उचलतो आणि पोट उभे करून ते रंगीत पापुद्रे पसरतो. थेट मोराचा पिसारा! पाय हलवीत, कापत, तो डावीउजवीकडे सरकत राहतो. मादी राजी झाली तर ठीक. नाही तर तिच्या तोंडी जाण्याची पाळी. ऑटोने छायाचित्रे घेतली, चलच्चित्रे घेतली, आणि अमेरिकेतील डेव्हिड हिल याच्या सहकार्याने २०११ साली या कोळ्यांचा सचित्र आढावा प्रसिद्ध केला. ज्या नियतकालिकात तो आला त्याचे नाव ‘पेकॅमिया’, म्हणजे त्या शिक्षक दांपत्याच्या नावाने चालणारे. एकशे सदतीस वर्षांनी ‘उडणारा’ कोळी ‘नाचणारा’ ठरला. शास्त्राच्या नियमाप्रमाणे पहिले नाव मात्र बदलत नाही. त्यामुळे उड्डाण नावात राहिले आहे, अंगात नाही.

मग छायाचित्र आले म्हणजे साक्षीचा प्रश्न सुटला काय? तसे म्हणता येत नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये अथर्टन गावी एका घराच्या अंगणात मोठ्या सोनेरी जाळ्याच्या कोळ्याने एक लहान पक्षी पकडल्याची छायाचित्रे जगभर फिरली. तेव्हा पुष्कळांनी ती बनावट म्हटली. म्हणजे मेरियनचे चित्र असो की कॅमेऱ्याचे चित्र असो, पहिला प्रश्न ‘हे खरे कशावरून?’ हाच. तज्ज्ञांनी कोळ्याची जात, जाळे आणि पक्षी तपासून ती खरी असल्याचे सांगितले. आणि आजच्या दिवसांत, जेव्हा यंत्राला सांगून न घडलेल्या गोष्टीचेही चित्र काढून मिळते, तेव्हा तर नुसत्या चित्राची साक्ष पूर्वीपेक्षाही दुबळी झाली आहे. चित्रामागे माणूस उभा राहावा लागतो. तो कोठे होता, किती वाजता होता, किती वेळ बसला होता आणि त्याने काय पाहिले नाही, हे त्याला सांगता आले पाहिजे.

ठिकाणाची नोंद चुकली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. मुंबईहून मद्रासला जाणाऱ्या लोहमार्गावर आंध्रात गुत्ती हे जंक्शन लागते. तेथील रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत एक निळाशार, केसाळ कोळी सापडला. लंडनच्या वस्तुसंग्रहालयातील रेजिनाल्ड पोकॉक याने १८९९ साली त्या एकाच नमुन्यावरून नव्या जातीचे वर्णन केले, आणि ठिकाण म्हणून लिहिले गुत्ती. पुढे शंभर वर्षे हा कोळी रानात कोणाच्या दृष्टीस पडल्याची नोंद नव्हती. अखेर २००१ साली तो आढळला तो गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात. कोळी बहुधा लाकडाच्या ओंडक्याबरोबर आगगाडीने गुत्तीस आला होता! ते ओंडके कोणी उतरविले, कोणत्या जंगलातून आले होते, हे वखारीतील हमालांना आणि गँगमनना विचारले असते तर कदाचित शंभर वर्षे वाचली असती. कागदावर स्टेशनाचे नाव आले, मालाच्या मुक्कामाचे आले नाही.

या हकीकतीला दुसरीही बाजू आहे. हा निळा कोळी दिसावयास इतका सुंदर की परदेशात पाळण्यासाठी त्याचा व्यापार सुरू झाला. आज तो अत्यंत संकटात सापडलेल्या जातींच्या यादीत आहे, आणि त्याचे ज्ञात रान शंभर चौरस किलोमीटरही भरत नाही. म्हणून हल्लीचे जबाबदार निरीक्षक अशा प्राण्यांचे नेमके ठिकाण वहीत अचूक लिहितात, अभ्यासकाला कळवितात, पण चव्हाट्यावर सांगत नाहीत. साक्षीदाराने खरे बोलावे हा एक धर्म. आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याचा घात होऊ नये, हा दुसरा. संघटनेच्या कामातही आम्हांस हे दोन्ही धर्म पाळावे लागले आहेत, आणि ते एकत्र पाळणे सोपे नसते.

आता घराकडे वळू. हे सर्व पाहण्यासाठी सुरिनामला किंवा सिडनीला जावे लागत नाही. आपल्या खिडकीच्या चौकटीवर माश्यांवर टपलेला, आखूड पायांचा, उड्या मारणारा कोळी असतो. त्याच्यापुढे बोट धरून पाहा. तो अंग वळवून बोटाकडे तोंड करतो. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे डोळे आपल्याला निरखीत असतात. घरातल्या प्राण्यांपैकी आपल्याकडे असे टक लावून पाहणारे फारसे कोणी नाही. श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या कोणत्याही पायवाटेवर सकाळी लवकर गेलात तर दोन झाडांच्या मध्ये मोठी सोनेरी झाक असलेली जाळी दिसतील. मध्यभागी बोटाएवढी मादी आणि तिच्याजवळ, शोधावा लागेल असा, चिमुकला नर. कुंपणाच्या झुडपात दुसरा एक कोळी जाळ्याच्या मध्यावर पांढऱ्या जाड धाग्याची नागमोडी सही करून बसलेला असतो. ती सही कशासाठी, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. भक्ष्य ओढण्यासाठी, पक्ष्यांनी जाळे तोडू नये म्हणून, की आणखी कशासाठी, असा वाद चालू आहे. म्हणजे त्या खटल्यात नव्या साक्षीदाराला अजून जागा आहे.

छायाचित्र घ्यावयाचे तर आज बहुतेकांच्या खिशात कॅमेरा असतो. ऊन जाळ्याच्या मागून येईल असे उभे राहावे, म्हणजे धागा चमकतो. कोळी लहान असला तर डोळे स्पष्ट येतात तेव्हा मागचे पाय धूसर होतात. म्हणून एकावर न थांबता अनेक चित्रे घ्यावीत. जाळे उठून दिसावे म्हणून त्यावर पीठ किंवा पावडर उडविणारे काही हौशी असतात. ते करू नये. रात्रभर श्रम करून विणलेले ते त्याचे हत्यार आहे, आणि कारागिराचे हत्यार मोडून त्याचे चित्र काढणे शोभत नाही. बाटलीत घालून, काडीने डिवचून कोळी जे करतो ते मॅक्लीच्या बिळातल्या प्रयोगासारखे. त्याच्या घरी, त्याच्या वेळी, त्याला त्रास न देता जे दिसेल तेच खरे. आणि चित्रापेक्षाही महत्त्वाची वही. तारीख, वेळ, जागा, झाड, हवा, आणि काय घडले ते. त्याखाली, काय पाहता आले नाही ते.

या नोंदी वाया जात नाहीत. २०२१ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात एका हौशी बाईने टिपलेल्या छायाचित्रावरून मोर-कोळ्याची एक अगदी नवी जात उजेडात आली. नमुने मिळवून, तपासून शास्त्रज्ञाने तिला नाव दिले. पण प्रथम पाहिले ते त्या बाईने. आणि या खेपेस तिचे पाहणे मानले गेले, त्यासाठी तिला एकशे अठ्ठावन्न वर्षे थांबावे लागले नाही. मेरियनपासून येथपर्यंत एवढी मजल तरी जगाने मारली आहे.

त्याच वर्षी आपल्या ठाण्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीचे नाव प्रसिद्ध झाले, ते ‘इशियस तुकारामी’. हे तुकाराम म्हणजे तुकाराम ओंबळे. मुंबई पोलिसांतील सहायक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ हातात केवळ लाठी असताना त्यांनी अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि त्यामुळेच तो अतिरेकी जिवंत सापडला. ज्या यादीत पूर्वी राजे, सरदार आणि गोरे साहेब यांची नावे लागत, त्या यादीत रात्रपाळीला उभ्या असलेल्या एका पोलिसाचे नाव लागले. कोळ्याला ते ठाऊक नाही. पण आपल्याला ठाऊक असावे.

आमच्या त्या तिघा साक्षीदारांपैकी ज्याने प्रश्न विचारला होता, त्याला उत्तर द्यावयाचे राहून गेले होते. आज ते देता येईल असे वाटते. तुम्ही आंधळे नव्हता. पाहणारा खरा होता, पण त्याचे लिहून ठेवणारे कोणी नव्हते. कठडा ज्या दिवशी काढला त्या दिवशी तारीख-वार घालून तुम्ही एक ओळ लिहिली असती, आणि तशी ओळ लिहावी हे आम्ही संघटनेने तुम्हांला शिकविले असते, तर तो परका कागद एवढा जड झाला नसता. तेव्हापासून आमच्या प्रत्येक खात्यातल्या प्रतिनिधीच्या खिशात एक लहान वही असते.

श्रोतेहो, यंदाच्या दिवाळीला कुंचा उचलण्यापूर्वी त्या कोपऱ्याकडे एकवार पाहून घ्या, ही विनंती. कोळी बसला असेल तर दहा मिनिटे बसा, आणि जे दिसेल ते तारीख घालून लिहून ठेवा. मग हवे तर जाळे काढा.